पहिला पेला बुवांचा

नमनाला घडाभर तेल, अशीच ईश्वररावांची कॉफी. पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात चार चमचे पूड हलक्या हाताने दाबायची, उकळी आलेलं पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि मांडी घालून बसायचं. सुचेताबाईंनी घाई केली की म्हणायचे, "अगं, हा पूर्वरंग आहे. घाई केलीस तर देव उठून जाईल. दुधाचा उत्तररंग मागनं."

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ते माणसं ओळखत होते, पण काळाचा धागा सुटला होता. आज तिसरा दिवस, पोटात थेंब नाही. चमचा नेला की ओठ मिटत.

"आई, चारला गाडी येतेय," क्षितिजा दारातून म्हणाली. लेकीचे डोळे सुजले होते. "तोवर काही घेतलं तर ठीक, नाहीतर ॲडमिट. नाकातून नळी."

गेल्या वेळी ईश्वररावांनी नळी ओढली म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. टाळ धरणारे हात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सुचेताबाईंनी फिल्टर खाली काढला.

पहिल्यांदा पूड ठासून भरली; पाणी वरच तुंबलं. ओतून दिलं. दुसऱ्यांदा हात हलका ठेवला आणि थेंब पडू लागले. पूनम सागर सोसायटीतल्या त्या दोन खोल्यांत वास पसरला तसे ईश्वररावांनी डोळे उघडले. पेला ओठांशी आला. ओठ उघडलेही.

"आधी बुवांना."

दर एकादशीला नवघरच्या देवळात धाकूबुवांचं कीर्तन. पूर्वरंग संपून बुवांना हार घातला की ईश्वरराव थर्मासमधला पहिला पेला त्यांच्या हाती देत, मग स्वतः घेत. धाकूबुवा गेल्या कार्तिकात गेले. खांदा द्यायला ईश्वररावच पुढे होते.

सुचेताबाई पेला घेऊन ओट्यापाशी गेल्या. खिडकीकडे तोंड करून क्षणभर उभ्या राहिल्या. देवा, माफ कर. परत आल्या.

"दिली हो. घेतली बुवांनी."

"काय म्हणाले?"

कीर्तनाला त्या नेहमी बायकांत, पार मागे बसायच्या. पुढचं बोलणं कुठलं ऐकू यायला!

"गोड झालीय म्हणाले."

ईश्वरराव त्यांच्याकडे बघत राहिले. रागाने नाही, परकं माणूस घरात शिरल्यावर बघावं तसे.

"बुवांना साखर वर्ज्य आहे," म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

पावणेचार वाजले होते. सुचेताबाईंनी फिल्टर धुतला, पुसला, नवी पूड घातली, पाणी ओतलं. साखरेचा डबा फळीवर मागे सारला. खाली गाडी मागे घेतानाचा भोंगा वाजू लागला.

"आई, आली गं."

"थांब म्हणावं," त्या झाकणावर हात ठेवून म्हणाल्या. "अजून उतरतेय."