मर्डीनाच्या जिन्यावरची खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की चार पाय आलेच. मला एकही नाही. मी भिंतीलगतच्या एका लोखंडी रुळावर बसते आणि त्याच रुळावरून जिना चढते, उतरते. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. जगात काय काय पाहिलंस, असं मला कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फारसं नाही. आधी एक जिना पाहिला, मग दुसरा. आता मी म्हातारी झाले आहे. गादीची शिवण उसवली आहे आणि जिन्याच्या मध्यावर आले की मी जरा कुरकुरते. तरी बसा घटकाभर. माझी गोष्ट लांबलचक नाही.

मी एका कारखान्यात जन्मले. तिथल्या माणसांनी माझ्यावर वाळूची पोती ठेवून मला शंभरदा वरखाली केलं आणि पाठीवर हिरवा कागद चिकटवला. म्हणजे मी पास झाले. मग माझी रवानगी सिडनीला झाली. ऑस्ट्रेलियातलं नव्हे, हे कॅनडातल्या आमच्या केप ब्रेटन बेटावरचं सिडनी. तिथे एका दंतवैद्याच्या विधवेकडे मला बसवलं. ती बाई माझ्यावर एकदाही बसली नाही. "मी काय म्हातारी झालेय?" म्हणायची आणि कठडा धरून धापा टाकत चढायची. माझ्यावरून तिचे धुतलेले कपडे वर जायचे, आणि कधी कधी मांजर. मांजराला माझं फार कौतुक होतं. बाई गेल्यावर तिच्या जावयाने मला उचकटलं आणि लिओ नावाच्या जुन्या सामानवाल्याला विकलं. लिओच्या शेडमध्ये कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, पलंगाचे कठडे, सगळे एकावर एक पडून होते. तिथे कुणी कुणाशी बोलत नसे. पडून पडून मला काही वाटेनासं झालं. वाट बघणंही मी सोडून दिलं.

आणि मग मर्डीना आली.

मर्डीना ब्युकॅनन ही खाडीकाठच्या एका गावात राहते. ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी होती. तिचा माशाचा रस्सा खायला गावातले धडधाकट लोकही काहीतरी निमित्त काढून आश्रमात डोकावायचे. मग तिला मज्जातंतूंचा आजार जडला आणि कंबरेपासून खाली पाय बधिर होत गेले. उकळतं पाणी पायावर सांडलं आणि तिला कळलंच नाही, त्या दिवशी तिने एप्रन काढून खुंटीला लावला तो कायमचा. हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं, कारण मला बसवलं त्या जिन्याच्या पायथ्यापासून स्वयंपाकघराचं टेबल दिसतं आणि या घरात जे काही बोललं जातं ते त्या टेबलावरच.

लिओने मला बसवलं त्या दिवशी मर्डीनाचा धाकटा भाऊ डूगल्ड पायथ्याशी उभा राहून हसत होता. तो पलीकडच्या गल्लीत राहतो, उन्हाळ्यात झिंग्यांच्या बोटीवर जातो आणि हिवाळाभर बहिणीची थट्टा करतो.

"चला, महाराणींची स्वारी निघाली! टाळ्या वाजवू का?"

"वाजव. आणि चहा टाक."

ती माझ्यावर बसून वर गेली. कित्येक महिन्यांनी ती आपल्या खोलीत गेली होती. तिथल्या खिडकीतून खाडी दिसते. बराच वेळ वरून आवाज नाही म्हणून डूगल्ड ओरडला, "मेलीस का गं?" ती म्हणाली, "नाही रे. बघतेय." मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला तेवढी शाबासकी पुरे होती.

आता मला विकत घ्यायला पैसा कुठून आला, ते सांगायला हवं. सगळं दुखणं तिथेच आहे.

मर्डीनाला नोकरीतून अपंगत्वाचा विमा होता. काम सुटलं तशी विमा कंपनी तिला दरमहा पैसे देऊ लागली. कंपनीचीच बाई तिला म्हणाली, "सरकारचंही अपंगत्वाचं पेन्शन असतं, त्याला अर्ज करा, आम्ही मदत करतो." मर्डीनाला वाटलं, किती भली माणसं! तिने अर्ज केला. सरकारने आधी नाही म्हटलं, तिने परत लिहिलं, आणि खूप महिन्यांनी हो आलं. मागच्या सगळ्या महिन्यांचं पेन्शन एकदम तिच्या खात्यात पडलं.

त्यातून तिने मला घेतलं. उरलेला सगळा पैसा तिने गावच्या हॉलला दिला. इथली रीतच तशी आहे. कुणी आजारी पडलं की हॉलमध्ये ताराबिश या पत्त्यांच्या खेळाची रात्र ठेवतात, वर्गणीसाठी टोपी फिरवतात आणि जमेल ते त्या घरी पोचवतात. मर्डीना आजारी पडली तेव्हाही टोपी फिरली होती. तो पैसा कुणी परत मागत नाही, आणि ज्याला ऐपत आली तो ठेवूनही घेत नाही. हॉल तापवणारी जुनी भट्टी बंद पडली होती, लोक कोट घालून पत्ते खेळत होते. मर्डीनाने नवी भट्टी बसवून दिली आणि कुणालाही भाषण करू दिलं नाही.

मग पानगळीत तो फोन आला. मर्डीना माझ्यावरच बसली होती, मांडीवर चहाचा कप होता. डूगल्डलाही ऐकू यावं म्हणून तिने आवाज मोठा केला.

"पेन्शन मंजूर झालं, अभिनंदन," कंपनीची बाई म्हणाली. "आता त्या मागच्या महिन्यांचे पैसे आम्हाला परत लागतील."

"कुठले पैसे?"

"सरकारचे. त्या महिन्यांचे आम्ही तुम्हाला पूर्ण दिले होते ना? पेन्शन आलं की तेवढे परत करीन, अशी तुमची सही आहे आमच्याकडे."

"म्हणजे सरकारने मला दिलेले माझे नाहीत?"

"तुमचेच आहेत. पण मग आमचे जास्तीचे झाले. आणि यापुढे दरमहा आम्ही पेन्शनएवढी रक्कम कापून उरलेली देऊ."

मित्रांनो, मी खुर्ची आहे, मला हिशेब कळत नाही. मला एवढंच समजलं की बादली एकच होती. मर्डीनाला वाटलं दोन नळांचं पाणी मिळणार, पण सरकारने जेवढं ओतलं तेवढं कंपनीने आपलं काढून घेतलं.

"सही केलीस तेव्हा वाचलं होतंस का?" डूगल्डने विचारलं.

"नाही. दवाखान्यातून त्याच दिवशी आले होते. बाई बोलायला चांगली होती."

"चांगली बोलते म्हणून सही करतात होय? उद्या घर मागितलं तर तेही देशील!"

मर्डीनाने कप तसाच मांडीवर धरून ठेवला. चहा निवून गेला. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पैसा तर भट्टीत गेला होता. मग कंपनीने सांगितलं की फिटेपर्यंत आमच्याकडून दरमहा काहीच मिळणार नाही. नुसत्या पेन्शनमध्ये घर तापवायचं तेल आलं, वीज आली, औषधं आली. मर्डीनाने घर तापवणं कमी केलं आणि दोन स्वेटर घातले. नाताळ कसा गेला ते मला आठवत नाही, कारण तो आल्यासारखं झालंच नाही. त्याच थंडीत माझ्या बॅटऱ्या संपल्या. एका सकाळी तिने बटण दाबलं आणि मी नुसती थरथरले. तिने परत दाबलं नाही.

"मी आणतो बॅटऱ्या," डूगल्ड म्हणाला.

"तुझ्या पैशाने नको. खाली बरं आहे मला."

ती सोफ्यावर झोपू लागली. माझ्यावर आधी एक कोट आला, मग शाल, मग शलगमांचं पोतं. खोलीची, खिडकीची गोष्टही ती काढेनाशी झाली. तिचे पाय आधीच बधिर होते, आता वरचीही बाई बधिर होत चालली. मला लिओची शेड आठवली. तिथे मीही अशीच झाले होते.

मार्च उजाडला तेव्हा डूगल्डच म्हणाला, "पडूनच आहे तर विकून टाकू का ही? लिओ निम्मे पैसे देतोय. कंपनीचं तेवढं तरी फिटेल."

मला वाटलं, ती नाही म्हणेल.

"विक," ती म्हणाली. खिडकीबाहेर बघतसुद्धा नव्हती. "मी काही आता वर जात नाही."

लिओ शनिवारी येणार असं ठरलं. मित्रांनो, मी गेले असते तर ती पुन्हा कधीच वर गेली नसती. हे मला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

शुक्रवारी सेडी आली. सेडी म्हणजे हॉलची सर्वेसर्वा, मर्डीनाची शाळेपासूनची मैत्रीण आणि पत्त्यातली हाडवैरीण. तिने दारातच माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे काय? शलगम वर झोपायला निघालेत का?"

"बॅटरी गेलीय."

"मग नवी टाक. आणि गुरुवारी पत्त्यांना का येत नाहीस? तुझ्या जागी तो अ‍ॅलिस्टर बसतो. त्याला पानं कळत नाहीत, नुसती बिस्किटं कळतात."

"जमत नाही गं."

डूगल्डला राहवलं नाही. "लिओ उद्या खुर्ची न्यायला येतोय," तो म्हणाला, आणि मग बहीण डोळे वटारत असतानाही त्याने सगळं सांगून टाकलं.

सेडी मटकन बसली. मग एकदम उसळली. "अगं भवाने! आम्ही तुझ्या पैशाच्या उबेत पत्ते कुटतोय आणि तू इथे कुडकुडतेस? एक शब्द बोलली नाहीस? हॉल पैसे परत देईल."

"भट्टी उखडून आणशील? दिलेलं कुणी परत घेतं का?"

"बरं, मग कंपनीला तरी विचारलंस? थोडे थोडे घ्या म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? त्यांचे आहेत ते."

"तू ना, सगळ्यांना वाढतेस आणि स्वतःचं ताट पुढे करत नाहीस. हा सुद्धा माजच आहे, मर्डीना. कुणी तुला सांगत नाही म्हणून मी सांगते."

असं म्हणून सेडीने स्वतःच नंबर फिरवला आणि आवाज मोठा करून फोन मर्डीनाच्या हातात दिला. मर्डीनाने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक होता की पलीकडच्या बाईने दोनदा "काय?" म्हटलं.

"थोडे थोडे? हो, होतं की तसं," बाई म्हणाली. "दरमहा थोडं कापू, बाकीचं तुम्हाला सुरू करू. तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून आम्ही पूर्ण थांबवलं."

डूगल्डने कपाळावर हात मारून घेतला.

"आणि ते जानेवारीपासूनचे जास्तीचे?" मर्डीना म्हणाली. "महागाईचे म्हणून सरकारने पेन्शनमध्ये थोडे वाढवलेत. ते मी वेगळे काढून ठेवलेत. चहाच्या डब्यात आहेत. तुम्ही मागालच, म्हणून."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "ते नाही लागत आम्हाला. तुमच्या पॉलिसीत सुरुवातीला ठरलं तेवढंच पेन्शन आम्ही कापतो. पुढे सरकार जे वाढवेल त्याला आम्ही हात लावत नाही."

"मग ते कुणाचे?"

"तुमचे."

"परत सांगा."

"तुमचे आहेत ते, मर्डीना. तुमचेच."

तिने फोन मांडीवर ठेवला. डूगल्डने डबा आणून तिच्यापुढे ठेवला. ती झाकण उघडून आत बघत राहिली, आणि मग रडायला लागली. सगळा हिवाळा साठलेलं रडू होतं ते. सेडीने तिला रडू दिलं आणि तेवढ्यात माझ्यावरचं पोतं उचलून जमिनीवर आदळलं.

शनिवारी लिओ मला उचकटायला पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

"नेऊ नकोस," मर्डीना म्हणाली.

"अगं, तूच बोलावलंस ना?"

"हिच्या बॅटऱ्या आहेत तुझ्याकडे?"

"गाडीत आहेत. पण फुकट नाही देणार."

"फुकट मागितल्या कुणी?" असं म्हणून तिने चहाचा डबा त्याच्यासमोर उलटा केला. लिओला ओटची बिस्किटं आणि चहा मिळाला. पुढच्या आठवड्यात तेलवाला येऊन तिची टाकी भरून गेला आणि बिल द्यायला विसरला. हॉलमधलं कुणीही त्याबद्दल अवाक्षर बोललं नाही, आणि यावेळी मर्डीनानेही नको म्हटलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापुढेही कागद येतील आणि गोड बोलणारी माणसं येतील. सही करण्याआधी विचारा. केल्यानंतरही विचारा. विचारल्याने कुणी लहान होत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी खुर्ची असेल तर तिच्यावर कोट टाकू नका. आणि कुणी "खाली बरं आहे मला" म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका.

त्या शनिवारी लिओ गेल्यावर मर्डीना माझ्यावर बसली. मध्यावर मी कुरकुरले, तिने बटणावरचं बोट उचललं आणि आम्ही दोघी तिथेच थांबलो. मग तिने पुन्हा बटण दाबलं. वर खिडकीत खाडीतलं बर्फ फुटून समुद्राकडे निघालं होतं. ते दिसताच तिने माझ्या हातावर हळूच थोपटलं. तिच्या पायांना काही कळत नाही. हाताला कळतं.