यादीतलं गोहलपुर

जबलपुरात चार्जिंग स्टेशनं कुठे उभारायची, याची यादी करायचं काम अंबरीश देशकरकडे आलं. सरकारी कार्यालयातला कनिष्ठ अभियंता तो. आठवडाभर शहर पायी फिरला. गोहलपुरच्या एका गल्लीत त्याला वसुधा भेटली. नवरा गेल्यापासून ती ई-रिक्षा चालवत होती.

त्याचं आडनाव ऐकताच ती मराठीत बोलायला लागली. "अच्छा, आपल्यातलेच निघाले तुम्ही! मग बघा भाऊ, कशी चार्ज करून राहिली मी."

घराला एकच दार. त्याला टेकून रिक्षा उभी. आतून आणलेली वायर हाताला गरम लागत होती. खाटेवर तिची सासू सत्यभामाबाई, पायांनी अधू.

"बाहेर रस्त्यावर काहून नाही लावत?" अंबरीशने विचारलं.

"तिथं वीज कुठाय? भीती वाटते हो, पण करू काय?"

अंबरीशने यादीत गोहलपुर पहिलं लिहिलं.

बैठकीत साहेबांनी ते खोडलं. "देशकर जी, पहले भेड़ाघाट रोड. टूरिस्ट गाड़ियाँ वहीं आती हैं, काम दिखेगा भी."

"सर, रिक्शे तो सब गोहलपुर में हैं."

"अगले चरण में देखेंगे."

अंबरीशला पुष्कळ बोलायचं होतं. पण सगळे उठायच्या तयारीत होते. त्याने नवी यादी टाइप केली, सही केली.

मे महिन्यात एका दुपारी वसुधा पाणी भरायला गेली असताना बॅटरीने पेट घेतला. जाळ दारातच. शेजाऱ्यांनी मागची भिंत फोडेपर्यंत सत्यभामाबाई धुरात गुदमरून गेल्या होत्या.

तेरवीनंतर अंबरीश गेला. वसुधा शेजाऱ्यांच्या पायरीवर बसली होती.

"आमचं नाव लिहिलं होतं ना तुम्ही?"

"पहिलंच लिहिलं होतं."

"मग?"

"मग मीच खाली घातलं. साहेब म्हणाले म्हणून."

"घर तर पाहून गेले होते तुम्ही," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने घडलेलं सगळं, नव्या यादीवर आपणच सही केली हेही, लिहून फाइलला लावलं. साहेब महिनाभर बोलले नाहीत. पुढच्या वर्षी गोहलपुरात स्टेशन झालं.

वसुधा तोवर रिछाईच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती. एकदा ती बाजारात समोरून आली. अंबरीशने हाक मारली. तिने ऐकली, पण ती थांबली नाही.