सारखेच दिसतात म्हणून

मी एक जुना पॉलिप आहे. नाव ऐकून हसू नका, मित्रांनो. छत्रीसारखी पोहायला लागण्याआधी गोड्या पाण्यातली जेलीफिश दगडाला चिकटून असते, ते तिचं बालपण म्हणजे मी. आकार मोहरीहूनही लहान. मला डोळे नाहीत, पण राग आहे, आणि तो गिळायचा माझा मुळीच विचार नाही.

बोर धरणातल्या दगडासकट मला वर्ध्याच्या एका कॉलेजात आणलं ते अनुसया मॅडमनी. त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. साल होतं त्र्याऐंशी. शेजारच्या बरणीत आर्वीकडच्या एका दगडखाणीच्या पाण्यातले पॉलिप होते. ती खाण पुढे मातीने बुजवली, त्यामुळे ते उरले फक्त त्या बरणीत. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही सगळे अगदी सारखे. मॅडमना मात्र शंका होती.

त्यांनी दोन्ही बरण्यांतले थोडे थोडे पॉलिप खलात वेगवेगळे वाटून त्यांचा रस काढला. तो रस बटाट्याच्या स्टार्चच्या घट्ट वडीत ठेवून वीज सोडली. रसातली विकरं, म्हणजे एन्झाइम, जातीप्रमाणे कमीजास्त सरकतात, आणि रंग घातला की त्यांचे पट्टे दिसतात. माझे सोबती त्यात गेले. त्याचा मला राग नाही. ते कामी आले.

ओली वडी ट्रेमध्ये घेऊन मॅडम धावतच आल्या. "सर, पट्टे वेगळ्या जागी आले! दोन जाती हायेत ह्या!"

विभागप्रमुख सदाशिवराव टेबल पुसत होते. "अवो, मी तं आत्ताच दोन्ही बरण्या एकात ओतल्या. सारखेच तं दिसतात."

"काऊन ओतल्या सर? चिठ्ठ्या लावल्या होत्या मी!"

"पसारा दिसत होता ना. तपासणीवाले येऊन राह्यले."

पसारा! एका जातीचे उरलेसुरले जीव म्हणजे पसारा! आग लागो असल्या टापटिपीला. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे हेच सर वर्गात ऐकवायचे.

मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला एकेक करून वेगळ्या बशीत ठेवलं. आमच्या अंगाला पिल्लं फुटतात, ती आमच्याच जातीची असतात. ती वाढू द्यायची, खुडून वाटायची, आणि त्यांच्या पट्ट्यावरून आमची जात ठरवायची. आम्हाला न मारता ओळखायचा दुसरा मार्गच उरला नव्हता.

मॅडमनी माझीही पिल्लं खुडली, वाटली. खाणीतले पॉलिप सापडले, वाचलेही. मी बोर धरणातला, हेही ठरलं.

मित्रांनो, दोन गोष्टी सारख्या दिसल्या तरी ओतण्याआधी विचारत जा. सरांना विचारायला एक वाक्य पुरलं असतं. माझी मात्र सगळी पिल्लं गेली.