मिठागरातले अंगठे

निराधारांचे पैसे खात्यात जमा झाले की दुसऱ्या दिवशी सकाळी गावदेवीच्या देवळामागच्या बांधावर जत्रा भरायची. जत्रा सगळी म्हाताऱ्यांची. तीस-चाळीस जण उकिडवे बसलेले आणि प्रत्येकाचा उजवा अंगठा लाल फडक्यात गुंडाळलेला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, अख्ख्या गावानं एकाच कोयत्यावर बोट कापून घेतलं. मधोमध निळ्या ताडपत्रीखाली खाजणबाबा. कुठून आले ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोबाइल दोन होते आणि दोन्ही महागातले.

बाबा तांब्याच्या वाटीत एकेकाचा अंगठा बुडवायचे, काहीतरी पुटपुटायचे, फडकं बांधून पाव तास बसवून ठेवायचे, मग सांगायचे, "कुणाला शिवायचं नाही. सरळ यंत्राकडे जायचं. आई वाट बघतेय." माणूस अंगठा वर धरून हेमालीच्या पडवीत यायचा, फडकं सोडायचा, आणि महिनोन्‌महिने त्याला दाद न देणारं यंत्र चक्क पैसे द्यायचं. ह्याला चमत्कार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आता हे यंत्र म्हणजे काय ते सांगायला हवं. बँक दहा किलोमीटरवर, जाऊन-येऊन रिक्षाला दोनशे रुपये. म्हणून बँकेनं गावातल्या हेमालीला अंगठ्याचं यंत्र दिलेलं. मुठीत मावेल एवढी डबी, वर काच, मागे वायर, वायर मोबाइलला. काचेवर अंगठा ठेवला आणि तो आधारच्या ठशाशी जुळला, की हेमाली रोख पैसे हातावर ठेवणार. पण ज्यांनी चाळीस चाळीस वर्षं मिठागरात फावडी ओढली, त्यांच्या अंगठ्यावर रेषा राहतील कुठून? मिठानं त्या केव्हाच चाटून पुसून नेल्या होत्या. तुळशीरामला हेमालीनं तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा तो बाबाकडून फडकं बांधून आला, पैसे मिळाले, आणि पडवीतच रडायला लागला. झालं. बाबांना आणखी जाहिरात करावी लागली नाही.

बाबांची कथा मात्र तयारीची होती. ते म्हणायचे, "अंगठा झिजला नाही, माई. आईनं नेला, ह्या भुईनं. आठवा, जमीन विकली तेव्हा कागदावर काय उठवलं होतं? ज्या अंगठ्यानं आईला विकलं, तो अंगठा आई तुमच्याकडे ठेवील होय?" ह्या गावात बाण वाया जाणं शक्यच नव्हतं. इथल्या प्रत्येक घरानं कधी ना कधी जमीन विकली होती, आणि प्रत्येक म्हाताऱ्याच्या मनात त्याची सल होती. बाबा ती सल महिन्याला तीनशे रुपयांना भाड्यानं द्यायचे. आई फक्त एका दिवसापुरता अंगठा उसना द्यायची, त्यामुळे पुढच्या महिन्यात पुन्हा वाटी, पुन्हा तीनशे.

दीड हजारातले तीनशे म्हणजे काय, हे शेजारच्या चंद्राबाईकडे पाहिलं की कळायचं. पैसे सुरू होण्याआधी तिला चहापत्तीसाठीसुद्धा सुनेच्या तोंडाकडे बघावं लागे. पैसे सुरू झाले आणि म्हातारीनं आधी चष्मा केला. मग रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या पैशानं आणायला लागली. नातीच्या हातावर दहाची नोट ठेवायला लागली. एकदा तर सुनेनं आपणहून विचारलं, "आत्या, आज बोंबील आणू की मांदेली?" हे तिनं हेमालीला निदान पाच वेळा सांगितलं असेल. सत्तरीत पहिल्यांदा तिला कुणी काय खाणार म्हणून विचारलं होतं.

आणि हेमालीला सगळं ठाऊक होतं. खोटं कशाला बोला, पहिल्याच महिन्यात ठाऊक झालं होतं. फडकी सोडून लोक अंगठा ठेवायचे तेव्हा काच चिकट व्हायची आणि पडवीत गुलाबाचा वास राहायचा. थंडीत ती स्वतः टाचांच्या भेगांना ग्लिसरीन आणि गुलाबपाणी लावायची. तोच वास, तोच चिकटपणा. कोरडी, तडकलेली कातडी कोमट पाण्यात भिजली, वर ग्लिसरीन लागलं आणि फडक्यात झाकून राहिली की उरल्यासुरल्या रेषा फुगून वर येतात. तिला यंत्र दिलं तेव्हा प्रशिक्षणात मॅडमनी हेच तर शिकवलं होतं. काच पुसा, बोट ओलं करा, अंगठा नाही लागला तर दहाही बोटं लावून बघा.

पण पडवीत रांग असायची. अल्पेश, म्हणजे तिचा नवरा, ट्रेलरवर असायचा. चूल, पोरं, दुकान सगळं तिच्याच गळ्यात. दहा बोटं लावत बसायला वेळ कुणाला? "अंगठा येत नाही, पुढच्या आठवड्यात या," हे म्हणायला काही लागत नाही. बाबा आल्यापासून रांग भराभर पुढे सरकायला लागली आणि तिचं कमिशन वाढलं. दसऱ्याला बाबांनी साडी पाठवली, तीही तिनं घेतली. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

दिवाळीनंतर चंद्राबाई बांधावरच चक्कर येऊन पडली. डॉक्टरनं विचारलं तेव्हा कळलं, दोन महिने गोळ्या बंद. बाबांनी सांगितलं होतं की हिच्या अंगठ्याचं पाप मोठं, शांती करावी लागेल, तिला पुऱ्या दोन महिन्यांचे पैसे. हेमाली भेटायला गेली. म्हातारी खाटेवर उठून बसली आणि हात जोडायला लागली.

"माजंच चुकलं, पोरी. दिरानं कागद पुढं धरला नि मी न इचारता आंगठा उठवला. आता आई रागावली. तुना पन उगा किती तरास दिला मी. सारखी येयाची नि तुजी मशीन अडवून ठेवायची."

हेमालीला तिथे बसवेना. जिनं माफी मागायला हवी होती तिच्याचकडे म्हातारी माफी मागत होती. घरी येऊन तिनं दसऱ्याची साडी कपाटात मागे सारली, पण त्यानं काही हलकं वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात पैसे जमा झाले आणि हेमालीनं पडवी बंद ठेवली. यंत्र, किटली, साबणाची वडी, मूठभर मीठ आणि मेडिकलमधली ग्लिसरीनची बाटली घेऊन ती सरळ बांधावर गेली आणि ताडपत्रीखाली बाबांच्या समोरच बसली.

"आज पैसे इथंच मिळतील," ती म्हणाली. लोक खूश झाले. बाबा तेवढे नाही झाले.

तुळशीरामचा अंगठा वाटीतून निघून पाव तास फडक्यात राहिला होता. तिनं फडकं सोडून तो यंत्रावर ठेवायला सांगितला. जुळला. बाबांनी डोळे मिटून मान डोलावली. मग हेमालीनं तोच अंगठा साबणानं खसाखसा धुतला, मिठानं चोळला, कोरडा केला आणि परत काचेवर ठेवला. यंत्र गप्प. तिनं किटलीतलं कोमट पाणी एका भांड्यात ओतलं, अंगठा चांगला दहा मिनिटं बुडवून ठेवला, वर ग्लिसरीनचे दोन थेंब चोळले, पदरानं काच पुसली. पुन्हा जुळला.

"तुळशीरामकाका, आई एवढ्या वेळात आली, गेली आणि परत आली काय हो?"

दोघेतिघे हसले. बाबा कडाडले, "देवीची परीक्षा घेतेस?"

"देवीची नाही. काचेची."

मग तिनं बाबांची वाटी उचलली आणि पहिल्या रांगेतल्या बायांच्या नाकापुढून फिरवली. गुलाबपाणी कुठल्या बाईला ओळखता येत नाही? कुजबुज वाढली, आवाज चढले, आणि त्या गडबडीत बाबा दोन्ही मोबाइल घेऊन बांधाच्या पलीकडच्या रस्त्याला लागले. तांब्याची वाटी मात्र हेमालीच्या हातात राहिली.

गोष्ट इथे संपली असती तर हेमालीला बरंच होतं. चार लोकांनी शाबासकी दिली असती. पण तुळशीराम अंगठा पुसत म्हणाला, "पोरी, ह्ये तुना कवापासनं ठावं हाय?"

खोटं बोलायला एक क्षण होता. तेवढ्यात तिला चंद्राबाई दिसली. काठी टेकत, सुनेच्या आधारानं ती आली होती आणि सगळ्यांच्या मागे उभी होती.

"बोट ओलं करायचं, काच पुसायची, हे मशीन मिळालं तेव्हापासून," हेमाली म्हणाली. "चार वर्षं. आणि बाबाची लबाडी पहिल्या महिन्यापासून. मी बोलले नाही. मला घाई होती, आणि बाबानं दिलेली साडीपण मी घेतली."

तुळशीराम तिच्याकडे न बघता पैसे घेऊन निघून गेला. त्याच्या मागोमाग बाकीचे एकेक पुढे आले. कुणाचं मधलं बोट जुळलं, कुणाचं डावं. तिनं सगळ्यांची बोटं धुतली, भिजवली, पुसली. दुपार झाली.

शेवटी चंद्राबाई पुढे आली. अंगठा काही केल्या जुळेना. हेमालीनं एकामागून एक बोट लावलं. डाव्या हाताची करंगळी जुळली.

"हीनं कुटंच सही केली न्हाय," म्हातारी करंगळीकडे बघत म्हणाली. मग मान वर करून, "मंग आईचा माज्यावर राग न्हाय?"

"जमिनीला राग येत नाही, काकी. तुमच्या रेषा मिठानं खाल्ल्या. कागद पुढं धरणारा दीर होता, त्याचा अंगठा झिजला का? तो तर कधी मिठागरात उतरलाच नाही."

चंद्राबाईनं आपला झिजलेला अंगठा डोळ्यांपुढे धरला. मग म्हणाली, "व्हय की. त्याचा आंगठा मरंस्तवर चांगला होता." आणि पैसे कनवटीला लावून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिनं सुनेला मेडिकलकडे चलायला सांगितलं.

हेमालीच्या पडवीत आता एक पाटी आहे. तिच्याच अक्षरात लिहिलंय: "अंगठा लागला नाही तर दोष तुमचा नाही, देवीचाही नाही. काच पुसायला सांगा, बोट ओलं करा, दहाही बोटं लावून बघा. तरीही नाही लागलं तर बँकेत माझ्याविरुद्ध तक्रार करा. पण का अडलं, हे आधी विचारा. जो कारण सांगण्याआधी पैसे मागतो, त्याला दारात उभं करू नका."

चंद्राबाईला वाचता येत नाही. दर महिन्याला पैसे घ्यायला आली की ती आधी पडवीतल्या बाकावर बसते, काठी भिंतीला टेकवते आणि पाटीकडे बोट करते. "वाचून दाखव."

आणि हेमाली रांगेतल्या सगळ्यांसमोर, पहिल्या शब्दापासून, मोठ्यानं वाचून दाखवते. मग काच पुसते.