मोहाच्या ढोलीतलं कार्ड

मी एक कार्ड. रेशनचं नव्हे, आधारचं नव्हे, लग्नाच्या आमंत्रणाचं तर नव्हेच. मी क्रेडिट कार्ड. निळं, साधं, तळहातात मावेल एवढं. दुकानदार मला हातात घेतात आणि नाक वर करून इकडेतिकडे बघायला लागतात, तेव्हा मला मनातल्या मनात हसू येतं. अहो, मी एकवीस दिवस मोहाच्या फुलांत झोपलो होतो, वास येणारच!

जन्माचं फारसं आठवत नाही. कुठल्याशा थंडगार खोलीत एका यंत्रानं माझ्या अंगावर अक्षरं उठवली. शेजारी सोनेरी कार्डांची रांग होती, त्यांच्यावर मोठ्या मोठ्या साहेबांची नावं. माझ्या वाट्याला आलं, ‘सुकरी चैतू हलामी’. कोण असेल ही, कशी असेल, असा विचार करत करत मी पाकिटात पेंगून गेलो.

माझी निवड मात्र माझ्या जन्माआधीच झाली होती. कुरखेड्यात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान चालवणाऱ्या रोशनीनं ती गोष्ट माझ्यासमोर इतक्यांदा सांगितली आहे, की मला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटते.

सुकरीबाई कुरखेड्याजवळच्या एका गावच्या. नवरा चैतू धानाच्या बांधीत राबतो, त्या मोहाचे लाडू करतात. लाडू असे, की एक खाल्ला की हात आपोआप डब्याकडे जातो. पण आठ वर्षं त्या लाडवांवर नाव होतं एका व्यापाऱ्याचं. डबे त्याचे, पाकीट बंद करायची मशीन त्याची, म्हणून डब्यावरची नावाची चिठ्ठीही त्याची. मग चंद्रपूरच्या एका दुकानदारीणबाईंनी सरळ सुकरीबाईंनाच निरोप धाडला. महाकालीच्या यात्रेआधी दोनशे डबे हवेत, आणि डब्यावर बनवणारीचंच नाव हवं. सुकरीबाईंनी तो निरोप तीनदा वाचून घेतला. पैसा सगळा मोहात आणि गुळात अडकलेला. मशीन नि डबे आणायचे कशाने? म्हणून त्या रोशनीकडे आल्या. बँकेतली त्यांची छोटी ठेव न मोडता तिच्यावर कार्ड मिळत होतं.

रोशनीनं तीन कागद टेबलावर मांडले.

“काकू, हे सोनेरी पाहा. यावर विमानतळावर फुकट बसाले भेटते.”

“बसून काय करू? विमान कुठी हाये इथी?”

“बरं, हे पाहा. पह्यल्या साली फुकट, मंग दुसऱ्या सालापासून वर्षाचे पैसे.”

“म्हंजे पह्यल्या साली पाव्हना अन् दुसऱ्या सालापासून घरजावई! नोको बाप्पा. मी वापरलं नाई तरी खाते का थे?”

“खाते.”

“मंग न खाणारं दाखव.”

तो तिसरा कागद माझा. वर्षाचा एक पैसा नाही. जे घ्याल त्याचा शंभरावा भाग परत. सोनेरी कार्ड त्याहून पुष्कळ परत देत होतं, पण पेट्रोलवर, हॉटेलात आणि शहरातल्या मोठ्या दुकानांत.

“मी घेतो गूळ, डबे अन् गॅस. त्याच्यावर कोण देते?”

“हे देते काकू. सगळ्यावर सारखं, पण थोडंच.”

“थोडं तं थोडं. पायली मोजून झाल्यावर वरून एक मूठ टाकते ना दुकानदार, तसं. पायली खरी पायजे, मूठ का, कमी-जास्त चालते.” आणि सुकरीबाईंनी सही केली.

फाल्गुन लागता लागता मी टपालानं पोचलो. केवढी स्वप्नं होती माझी! मशीन आणीन, डबे आणीन. रोशनीनं बजावलं होतं, “महिनाभरात सुरू करा काकू, नाई तं बँक बंद करून टाकते.” पण पाकीट फुटलं ते सुकरीबाईंच्या सासूबाईंसमोर, बायनाबाईंसमोर. ऐंशीच्या घरातली बाई, जन्मभर मोह वेचून पाठ वाकलेली.

“काय होय वं हे?”

“मोहाच्या धंद्यासाठी आणलं. नवीन हाये.”

“नवीन? अन् पंडुम व्हाच्या आधी हात लावून राह्यली?”

या गावांत नवा मोह पडला की आधी देवाला देतात, मग माणसं घेतात. त्या दिवसाला पंडुम म्हणतात. तो होईपर्यंत नव्याला कुणी शिवायचं नाही. बायनाबाईंच्या हिशेबी मोहासाठी आलेलं नवीन कार्ड म्हणजे नवा मोहच. तुम्ही हसाल, पण सुकरीबाई हसल्या नाहीत. त्यांनाही ते पटलं. त्यांनी मला कपाळाला लावलं आणि जुन्या वाळल्या मोहाच्या ढोलीत ठेवून दिलं.

ढोली म्हणजे बांबूची उंच कणगी, आतून-बाहेरून शेणामातीनं सारवलेली. आत गोड, जड काळोख. सुरुवातीला मी चरफडलो. मग तो वास अंगात उतरत गेला आणि माझे विचारच सैल झाले. बाहेर कुणी बोललं की शब्द लांबून, पाण्याखालून आल्यागत वाटायचे. मला स्वप्नं पडू लागली. एकदा वाटलं, मी फांदीवर लागलोय आणि पहाटे टपकन खाली पडलो; एक वाकलेली बाई मला वेचायला आली, पण मला उलटसुलट करून म्हणाली, “हे तं सपाट हाये,” आणि मला तिथंच ठेवून पुढे गेली. एकदा दिसलं, की सगळ्या झाडांवर नावं लिहिलेली आहेत, आणि वाचणारं कुणीच नाही. किती दिवस गेले, देव जाणे. खरं सांगतो, मला तिथून निघावंसंच वाटेना.

बाहेर मात्र दिवस धावत होते. गावात एक मौत झाली, सुतक आलं, पंडुम पुढे गेला. रोशनीचे फोनवर फोन. “काकू, मशीन याले आठ दिवस लागते. काऊन थांबून राह्यल्या?” सुकरीबाई नुसतं “हो वं, हो” म्हणायच्या. त्यांच्या आवाजातला काळजीचा कंप मला ढोलीतही कळायचा.

एकविसाव्या दिवशी तो व्यापारी अंगणात आला. आवाज मोठा गोड. “काऊन तरास करून घेता बाई? माही मशीन हाये, डबे हायेत. दोनशे डबे मीच पोचवतो चंद्रपूरले. चिठ्ठी तेवढी आपली नेहमीची.”

मला वाटलं, संपलं. सुकरीबाई आता ‘बरं’ म्हणतील. कुणाचा राग नको, देवाचा नको, सासूचा नको. सोपी वाट समोर उभी होती. पण त्या म्हणाल्या, “सांजेले सांगतो.” व्यापारी गेला, तशी ढोलीत त्यांचा हात आला आणि मला बाहेर काढून पदराच्या गाठीत बांधलं.

त्या तडक गेल्या लच्छूभाऊंकडे. लच्छूभाऊ म्हणजे गावचा गायता, देवाचं बघणारा. पंडुम कधी करायचा हे तोच ठरवतो. मोहाच्या झाडाखाली बसून तो टोपली विणत होता.

“भाऊ, हे नवीन हाये. पंडुमच्या आधी वापरू का नोको?”

त्यानं मला हुंगलं. “वास तं मोहाचाच हाये. झाडाले लागते का हे?”

“नाई.”

“बांधीत पिकते?”

“नाई.”

“मंग करते काय?”

“दुकानदार माल आज देते. पैसे आपण दीड महिन्यानं द्याचे.”

लच्छूभाऊ खोकला येईपर्यंत हसला. “अवं बाई, हे तं उधारी होय! माह्या आज्यानं मोहावर मीठ उधार उचललं होतं. हे नवं कुठलं? हे आपल्या झाडाहून जुनं हाये. याले पंडुम लागत नाई.” मग त्याचं हसू थांबलं. मला परत देत तो म्हणाला, “याले भेव लागते. भेव ठेवून वापरजो. भेव गेलं का टाक वापस ढोलीत.”

मी जरा खट्टू झालो, कबूल करतो. देवापुढे ठेवतील, कुंकू लागेल, असं मी मनात रंगवलं होतं. पण मला इतकं नेमकं कुणीच ओळखलं नव्हतं. माझ्यासोबत बारीक अक्षरांची चार पानं आली होती, त्यांतसुद्धा मला भिऊन वापरायचं असं लिहिलेलं नाही.

सुकरीबाईंनी गायत्याचा शब्द सासूबाईंच्या कानावर घातला, सांजेला व्यापाऱ्याला ‘नाही’ म्हणून सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी कुरखेडा गाठलं. रोशनीनं मला सुरू केलं, मशीन मागवली, डबे मागवले. मग चिठ्ठी छापायची म्हणून ती संगणकासमोर बसली.

“नाव काय टाकू काकू?”

“टाक ना, गोपालची माय.”

“असं नाई चालत. तुमचं सोताचं नाव पायजे.”

गावात सुकरीबाई गोपालची माय, घरात सूनबाई, बाजारात लाडूवाली बाई. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं घ्यायची त्यांना सवयच उरली नव्हती. लाजेनं त्यांचे कान लाल झाले. शेवटी त्यांनी पदराची गाठ सोडली, मला टेबलावर ठेवलं आणि बोटानं दाखवलं.

“याच्यावर हाये थे. पाहून लिव.”

रोशनीनं मधलं ‘चैतू’ तेवढं गाळून माझ्या अंगावरचं एकेक अक्षर बघून नाव लिहिलं. त्या क्षणी सोनेरी कार्डांचा मला जराही हेवा वाटला नाही.

मशीन आली. दोनशे डबे यात्रेच्या तीन दिवस आधी एसटीनं चंद्रपूरला गेले. पैसे आले, आणि मुदतीच्या आधी सुकरीबाईंनी माझं सगळं देणं फेडलं. ते फेडून होईतो त्यांना घास गोड लागला नाही.

त्या गडबडीत एक डबा घरी उरला होता. बायनाबाई तो मांडीवर घेऊन बसल्या. चिठ्ठीवरून बोट फिरवत म्हणाल्या, “काय लिवलं हाये इथी?”

“बनवणारी, सुकरी हलामी,” सुकरीबाई पुटपुटल्या.

“मले आयकू नाई आलं. जोरानं बोल.”

“सुकरी हलामी!”

शेजारच्या अंगणातली कोंबडी फडफडली. सुकरीबाईंना वाटलं, आता बोलणी बसणार. म्हातारीनं त्या अक्षरांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग अगदी हळू, लहान पोरीसारखी म्हणाली, “पोरी, माहं नाव बी लिवता येते का वं असं? मोह तं मीच वेचतो.”

पुढच्या खेपेपासून चिठ्ठीवर दोन ओळी असतात. बनवणारी सुकरी हलामी, मोह वेचणारी बायनाबाई हलामी.

आता माझी मुदत संपत आली आहे. कडा झिजल्या, अक्षरं पुसट झाली. नवं कार्ड येईल आणि रोशनी कात्रीनं माझे तुकडे करील. करावेत, रीतच आहे ती. झोप तर मला मोहाच्या वासानं आत्ताच येऊ लागली आहे. जाता जाता तुमच्याकडे एकच मागतो. कधी चंद्रपूरला गेलात आणि तो डबा हाती आला, तर झाकण उघडायच्या आधी दोन्ही नावं वाचा. पण मोठ्यानं हं, बायनाबाईंना कमी ऐकू येतं.