दुसरी फेरी

आमचा मॅनेजर एल्डन क्रेबिल एकाच डावात दुसऱ्यांदा मैदानात निघाला तेव्हा मी त्याला अडवायला उठलो.

बेसबॉलमध्ये एका डावात मॅनेजरने पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, मैदानात एकदाच जाऊन बोलायचं. दुसऱ्यांदा गेला की पिचरला काढावंच लागतं. आमच्या ड्यूब्यूक गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. असल्या नियमांच्या खाचाखोचा एल्डनला तोंडपाठ. त्यांच्या जोरावर त्याने मॅनेजर म्हणून अकरा वर्षांत चार विजेतेपदं खेचून आणली होती. त्याआधी चौदा वर्षं तो कॅचर होता, म्हणजे चेंडू, बॅट आणि अंगावर धावून येणारी माणसं डोक्यावर झेलायचा धंदा. वरच्या लीगमध्ये मात्र जेमतेम एकोणीस सामने मिळाले. ही सल त्याने कधी लपवली नाही.

त्या दुपारी अंतिम सामना होता आणि आमच्या बाकामागे वरच्या संघाचे दोन साहेब बसले होते. ते त्याला तिकडचा मॅनेजर करायला आले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जूनपासून तो नावं विसरतोय, हे फक्त मला ठाऊक होतं. मी त्याचा मदतनीस, गेली बावीस वर्षं त्याच्या सोबत. त्याच्या चुका मी चारचौघांत हसण्यावारी न्यायचो आणि मनातून टरकून असायचो.

आठवा डाव, आम्ही एका धावेने पुढे. आमच्या पिचरने, ओसोरिओने, भरकटलेले चेंडू टाकून सलग दोघांना फुकट बेस दिला, तेव्हा एल्डन जाऊन त्याची पाठ थोपटून आला. गडी सावरला. पुढच्या बॅटरला त्याने तीन चेंडूंत बाद केलं. आणि एल्डन पुन्हा उठला.

मी त्याची बाही धरली. "कुठे चाललास?"

"ओसोरिओ घाबरलाय रे. एकदा बोलून येतो."

आत्ताच गेला होतास, एवढंच म्हणायचं होतं. पण बाकावर सगळ्यांचे कान टवकारलेले, मागे साहेब. माझी जीभ रेटेना. तो बाही सोडवून गेला.

ही दुसरी फेरी, म्हणून पंचाने दोन बोटं वर केली. एल्डन त्या बोटांकडे बघतच राहिला. ओसोरिओला आता काढावं लागणार, हे त्याला उमगलेलंच दिसेना. मी बाकाजवळचा फोन उचलला आणि राखीव पिचरांपैकी जो तयार असेल त्याला पाठवा म्हणालो. नव्या पिचरचा पहिलाच चेंडू बॅटरने सणसणीत मारला, तो नेमका आमच्या माणसाच्या हातात, आणि दोघे एकदम बाद, डाव खलास. नववा डावही निभावला आणि सामना आम्ही जिंकला.

साहेब खूश. रंगात आलेल्या पिचरला काढायला वाघाचं काळीज लागतं, म्हणाले. मलाही एल्डनबरोबर वर नेणार होते. मग थोरल्या साहेबांनी विचारलं, "त्याच्याबद्दल आम्हाला माहीत असावं असं काही?"

वरच्या लीगची वाट मीही जन्मभर पाहिली होती. "काही नाही," मी म्हणालो.

एल्डन खोलीत एकटाच बसला होता. त्याने मला दार लावायला सांगितलं.

"खरं सांग. त्याच डावात मी आधी गेलो होतो?"

आता खरं बोललो तर तो वरची नोकरी स्वतःच नाकारेल, हे मला कळत होतं.

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे पंच चुकला," तो म्हणाला. सुटल्यासारखा हसला, टोपी नीट केली आणि दार उघडून हेच सांगायला बाहेर थांबलेल्या पत्रकारांकडे गेला.