मोहरीएवढी मी

अहो, इकडे! अजून जवळ या. मी कॅप्सूल बोलतेय. मोहरीएवढी, काचेसारखी पारदर्शक, मऊ. गिळायची नाही हं, पोटात बसवायची!

माझं माहेर चिलीचा समुद्र. खडकांवरच्या तपकिरी शेवाळाची पूड पाण्यात कालवली, एका दात्याच्या जिवंत पेशी तिच्यात मिसळल्या नि थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडला. टप्! झाले मी! आतल्या पेशी साखर बघून इन्सुलिन सोडतात. त्यांचं खाणंपिणं आत येऊ द्यायचं, परक्या पेशींना मारणाऱ्या शरीराच्या पहारेकऱ्यांना मात्र बाहेरच अडवायचं, हे माझं काम. भारीच ना?

पण माझ्या आधीच्या बहिणी फुटल्या. वाल्पाराइसोच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर यास्नांनी त्यांना सवयीने फॉस्फेटच्या पाण्यात धुतलं, नि त्या पाण्याने त्यांना घट्ट धरणारं कॅल्शियमच ओढून नेलं.

"डॉक्टरीणबाई, पोरींना आंघोळ घातलीत की विरघळवून टाकलंत?" म्हातारे तंत्रज्ञ एलाडिओकाका म्हणाले.

"टोमणे नंतर, काका. इस्मेनिया वाट बघतेय."

इस्मेनिया शिवणकाम करते. तिला मधुमेह. इन्सुलिनची सुई घेतली की कधी तिची साखर गुपचूप फार उतरते नि ती धाडकन पडते. म्हणून बहीण बेर्ता तिला टेकडीच्या पायऱ्या एकटीने चढू-उतरूच देत नाही.

मग धुण्याचं पाणी बदललं, बेरियमने आम्हाला आणखी घट्ट केलं. किती टिकतो ते बघायला आमच्यातल्या शंभरजणी काचेच्या मण्यांबरोबर बाटलीत घालून यंत्रावर हलवायला ठेवल्या. ठरली होती वीसच मिनिटं! तेवढ्यात संध्याकाळचा चहा झाला. पाव, कुस्करलेला अवोकाडो, गप्पा... आमच्याकडे चहाला बसलेलं माणूस लवकर उठतं होय? दीड तासाने यास्ना किंचाळल्या, "काका, यंत्र!"

धावले दोघं. मोजलं. सत्त्याण्णवजणी शाबूत!

काका म्हणाले, "एवढं तर माझं लग्नसुद्धा टिकलं नाही." यास्ना हसता हसता रडायलाच लागल्या. काय माणसं आहेत हो ही!

आता मी माझ्यासारख्या कितीतरी बहिणींसोबत इस्मेनियाच्या पोटात आहे. चार महिने झाले. पहारेकरी येतात, चाचपतात, हात हलवत परत जातात.

आज सकाळी बेर्ता ओरडली, "थांब गं, मी येते!"

"तू शेंगा सोल. पाव मी आणते."

ती उतरली, पाव घेतला नि चढायला लागली. अर्ध्यावर साखर घसरली. आतल्या पेशींनी लगेच इन्सुलिन आवरलं. ती कठड्याला टेकली, दम घेतला... पडली नाही! पडलीच नाही हो!

मी किती वर्षं टिकेन, ठाऊक नाही. पण इस्मेनिया, एक कर. मला विसरून जा. मी धरून आहे. तू चढ.